बासष्ट पावलांवरचं जेवण

शाळेपासून माझं घर बासष्ट पावलांवर आहे. ही पावलं मी स्वतः तीनदा मोजली आहेत. तिसऱ्या खेपेला पाटलांचं कुत्रं मागे लागल्यामुळे ती एकेचाळीसच भरली, म्हणून ती मोजणी मी धरत नाही. मुद्दा असा, की चिंचखांडीच्या सरकारी मदरशाचा, म्हणजे शाळेचा, एकुलता एक मुदर्रिस, म्हणजे मास्तर, म्हणजेच मी, दुपारी बाराला जेवणाच्या सुट्टीची घंटा देतो आणि एकला पुन्हा देतो. मधल्या तासाभरात बासष्ट पावलं जाऊन, जेवून, परत येणं ही काही किल्ला सर करण्याची गोष्ट नव्हे. तरी नऊ वर्षांत मला ते एकदाही साधलं नव्हतं. आणि साधलं नाही याचं मला काही वाटतही नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

वाटायला लागलं ते एका शनिवारी. शाळा सुटल्यावर चारच्या सुमाराला मी नेहमीसारखा पाटावर बसलो. मुक्ताबाई, म्हणजे आमची मंडळी, भाकरी वाढायला वाकली ती तशीच खाली बसली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी 'अगं, अगं' करीत पाणी शोधू लागलो. आपल्या घरात तांब्या कुठे ठेवतात हे मला ठाऊक नाही, हा शोध मला त्या दिवशी लागला. माझी धावपळ ऐकून शेजारच्या छबुबाई आल्या. त्यांनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, डोक्यावर पाणी थापलं आणि मला म्हणाल्या, "बाजूला सरका मास्तर. तिला काय बी झालेलं न्हाई. उपाशी हाय ती."

"उपाशी? म्हणजे शनिवार धरलाय का?"

"रोजच शनवार हाय तिचा!" छबुबाई कडाडल्या. "तुमी जेवल्याबिगर ती अन्नाला शिवत न्हाई, आन् तुमी जेवता चारला. सडा टाकल्यापासून तिच्या पोटात पान्याबिगर काय नसतंय. नऊ वर्सं झाली की वो! साऱ्या गावाची कागदं वाचता, आन् तुमाला हे कावून वाचाया येईना?"

मुक्ताबाईची अंगकाठीच तशी, असं मी धरून चाललो होतो. तिच्या माहेरची, लिंबागणेशकडची, माणसं जात्याच सडपातळ, असं मी चारचौघांत सांगतही असे. एवढा शिकलेला माणूस, पण स्वतःच्या घरातली गोष्ट शेजारणीनं सांगावी लागली! मला स्वतःचाच भयंकर राग आला. राग आला की मी दुसऱ्यावर ओरडतो, त्याप्रमाणे मी मुक्ताबाईवर ओरडलो, "उद्यापासून तू माझ्याआधी जेवत जा!"

"ते व्हायचं नाही," ती कांदा बाजूला सारत म्हणाली. आवाज बारीक होता, पण पक्का होता. "माझ्या आईनं कधी केलं नाही, आजीनं केलं नाही. तुम्हीच लवकर येत जा."

"येतो! उद्यापासून बाराला. बाराला म्हणजे बाराला!"

"बरं," ती म्हणाली. पोरगं 'मी घोडा आणीन' म्हणालं की आई जसं 'बरं' म्हणते, तसं म्हणाली. ते मला फार लागलं. त्याच क्षणी मी ठरवलं, की आता निजामाचं राज्य इकडचं तिकडे झालं तरी बेहत्तर, पण बाराला घरी जेवणार.

आता वाचक विचारतील, की बाराच्या सुट्टीत मास्तर करतो तरी काय? ऐका. गावात लिहिता-वाचता येणारा माणूस मी एक. पटवारी दुसरा, पण तो तीन गावांचा असल्यामुळे कुठल्याच गावात नसतो. टपालाची थैली शाळेत येते, ती मी फोडायची. गावात कुणी जन्मलं तर मी लिहायचं, मेलं तर मीच लिहायचं. कोंडवाड्याची किल्ली माझ्या कमरेला. लग्नात आहेराची यादी माझ्याकडे. महादेवाच्या देवळात पोथी आली, मास्तर. म्हैस हरवली, मास्तर. कारण तिचं वर्णन लिहून चावडीवर द्यावं लागतं. हे सगळं करून उरलेल्या वेळात चार इयत्तांच्या पोरांना उर्दू, मराठी, हिशेब आणि शिस्त. म्हणजे शाळा हे माझं फावल्या वेळचं काम होतं, असं म्हटलं तरी चालेल. आणि गावाला सवड कधी? दुपारी. आउत सुटलं, बायका रानातून आल्या, की चला मास्तरकडे. मास्तर काय, सुट्टीच हाय की त्यांना! कागदाबरोबर कुणी गूळ आणतं, कुणी शेंगा, त्यामुळे चारपर्यंत मला भूक अशी कधी कळलीच नव्हती.

रविवारी (आमची सुट्टी शुक्रवारची) महादेवाच्या शिखराची सावली पायरीला टेकली तशी मी घंटा दिली, टोपी घातली आणि निघालो. अकरा पावलं झाली असतील, तोच बायनाबाई समोर. तिचा लेक राधाकिशन सोलापूरला गिरणीत लागला होता.

"मास्तर, कागद लिवायचा व्हता."

"बायनाबाई, संध्याकाळी."

"सांच्याला टपाल जातंय की वो."

हे खरं होतं. टपाल मीच बांधतो. लवकर आटपेल म्हणून मी तिथेच पारावर बसलो.

"लिवा. तांबडी म्हैस बरी हाय. काळी म्हैस बरी हाय. काळीचं रेडकू बरं हाय."

"एकदमच लिहू का? सगळ्या म्हशी बऱ्या आहेत म्हणून?"

"न्हाई, न्हाई! तांबडीचं येगळं लिवा. तिला त्यो लई जीव लावायचा."

अशी तीन पानं झाली. मधेच ती थांबे, पदर तोंडाशी नेई, माझ्याकडे बघे आणि पुन्हा एखाद्या जनावराची खुशाली सांगे. शेवटी शेळ्या, कोंबड्या आणि बांधावरची बोर एवढ्यांचं कुशल लिहून मी मान वर केली, तर पोरं परत येऊन रांगेत उभी होती. त्या दिवशी मी पाटावर बसलो तेव्हा पुन्हा चारच वाजत आले होते. मुक्ताबाईनं पुन्हा नुसतं 'बरं' म्हणून ताट वाढलं, हे सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या दारावर पाटी लावली: 'दुपारी बारा ते एक मास्तर भेटणार नाहीत.' पत्रं लिहून माझा अंगठा सुजला होता म्हणून ती मुक्ताबाईनं लिहिली. तिचे वडील पुराण सांगत. पोथी वाचण्यापुरती अक्षरं त्यांनी लेकीला शिकवली, ती तिनं पुढे घोटून घोटून मोत्यांसारखी केली. गावात मात्र मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरणीचं अक्षर मास्तरपेक्षा चांगलं, ही काही दवंडी पिटण्यासारखी गोष्ट नव्हे.

पाटी लागली, बारा वाजले, आणि मी दाराबाहेर पाऊल टाकतो तर ही गर्दी! चौदा माणसं पाटीसमोर उभी.

"मास्तर, काय लिवलंय ह्याच्यावर? सरकारी हुकूम हाय का?"

मी वाचून दाखवलं. मागून आलेल्यांना पुन्हा वाचून दाखवलं. रानातून उशिरा आलेल्यांना पुन्हा. 'कावून भेटणार न्हाई?' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला वेगळं द्यावं लागलं. एका म्हाताऱ्याला वाटलं की माझी बदली झाली, तो गळ्यातच पडला. वाचता न येणाऱ्या गावात पाटी लावून आपण नेमकं काय केलं, हे माझ्या ध्यानात यायला एक वाजला. अशा माणसाला सरकारनं पोरांची डोकी घडवायला नेमावं, यापुढे काय बोलणार!

जाता जाता छबुबाईंनी पाटी निरखून बघितली. "अक्षर झ्याक हाय. कुनाचं वो?"

"कुणाचं असणार? माझंच."

त्यांनी पाटीकडे बघितलं, माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि 'हां' एवढंच म्हणून गेल्या.

त्या संध्याकाळी बबनराव आले. बबनरावांचं किराणा दुकान नावाला, खरा धंदा सल्ल्याचा. सल्ला मात्र ते फुकट देतात. "मास्तर, गावाला सांगून काय उपेग? सरकारात दरख्वास्त द्या. कामाचं वझं लई झालंय म्हनावं. आपला हक्क हाय बे! न्हाई, तुमाला बे न्हाई म्हनलं, सरकारला म्हनलं."

मला ते पटलं. तीन दुपारी खर्चून मी उत्तम उर्दूत अर्ज लिहिला: हुजुरांच्या चरणी अर्ज की, फिदवीवर (म्हणजे माझ्यावर) कामाचा बोजा अतोनात झाला असून दुपारी एक तास जेवणास मिळावा. अर्ज लिहिताना दुपारचं जेवण तीनही दिवस चुकलं, पण मोठ्या कार्यासाठी थोडी झीज सोसावी लागते, असं मी मुक्ताबाईला समजावलं. झीज तिचीच होत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दीड महिन्यानं उत्तर आलं. बाकीचं टपाल बाजूला सारून मी ते आधी फोडलं. लिहिलं होतं: आपला अर्ज पोचला. त्या संबंधात आपण दिवसभरात कोणकोणती कामं करता आणि प्रत्येकास किती वेळ लागतो, त्याचा तख्ता एक महिनाभर रोजच्या रोज भरून, तीन प्रतींत, पोलीस पाटलाच्या दस्तखतीसह पाठवावा.

महिनाभर! रोज! आणि भरायचा कधी? दुपारी बारा ते एक.

शिवाय वेळ मोजायला घड्याळ हवं. गावात एकच घड्याळ, उत्तरेश्वर पाटलांच्या कोटाच्या खिशात. ते बंद पडून बराच काळ झाला होता, पण पाटील ते रोज काढून बघत आणि समाधानानं परत ठेवत. म्हणून वेळ मी शिखराच्या सावलीवरूनच मांडला. मी दस्तखत मागायला गेलो, तर त्यांनी तख्ता उलटासुलटा धरून बघितला.

"ह्याच्यात काय लिवलंय मास्तर?"

"गावाची कामं करण्यात माझा किती वेळ जातो ते."

"म्हंजी आमच्या गावाचा तुमाला तरास हाय, आसं तुमी सरकारला कळवता? आन् त्याच्यावर दस्तखत आमीच करायची?"

"पाटील, तसं नाही..."

"मंग कसं?"

तासभर समजूत घातली. शेवटी पाटील म्हणाले, ठीक हाय, करतो दस्तखत, पन आमचा बी एक अर्ज हाय वाटंच्या भांडणाचा, तेवढा लिवून द्या. तो अर्ज दोन दुपारी चालला. तख्त्यात मग मी प्रामाणिकपणे एक नवा रकाना काढला: 'कामाचा बोजा कमी करण्याच्या कामास लागलेला वेळ.' महिनाअखेर बेरीज केली तेव्हा सगळ्यात जास्त वेळ त्याच रकान्यात निघाला.

तख्ता गेला. महिनाभरानं मुक्ताबाई विहिरीवर पुन्हा चक्कर येऊन बसली. काठावर बसली म्हणून आत नाही गेली. घागर मात्र गेली. ती घागर बिभीषण कोळ्यानं गळ टाकून काढली आणि 'मास्तर, बाईमानूस ऱ्हायलं हे नशीब' असं म्हणून माझ्या हातात दिली. घागर घेऊन मी घरापर्यंत कसा आलो ते मला आठवत नाही. मी भ्यालो होतो, सरळच सांगतो. रात्री मी तिला म्हणालो, "तुझ्या पाया पडतो, जेव माझ्याआधी."

"पाया पडू नका," ती म्हणाली. "बाराला या."

आणि दोन दिवसांनी सरकारचं दुसरं उत्तर आलं. आपला तख्ता पाहून दफ्तरास फार खुशी झाली. इतक्या तपशिलानं तख्ता भरणारा मुदर्रिस क्वचित आढळतो. सबब, आसपासच्या पाच मदरशांचे तख्ते जमा करून तपासण्याचं काम आपल्याकडे देण्यात येत आहे. शिवाय मोहतमिम साहेब (म्हणजे शाळांचे तपासनीस) पुढील बुधवारी आपल्या मदरशाचा मुआयना, म्हणजे तपासणी, करतील.

बबनरावांनी हे ऐकून माझं अभिनंदन केलं. मी त्यांच्या दुकानातून गूळ घेणं त्या दिवसापासून बंद केलं.

पण मी आता हटणार नव्हतो. साहेब येतात ना? येऊ देत. तोंडावर सांगतो.

बुधवारी सकाळपासून गावात लगबग. शाळा शेणानं सारवली, पोरांची नाकं पुसली, पाटलांनी घड्याळ बाहेर काढून साखळीला लटकवलं. साहेबांचा मात्र पत्ता नाही. आठ गेले, दहा गेले. शेवटी साहेबांची बैलांची दमणी चिंचेखाली थांबली, तेव्हा शिखराची सावली पायरीला टेकत होती. बरोब्बर बारा! माझ्या नशिबात दुसरी वेळच नाही.

साहेब उतरले. वयस्क, धुळीनं माखलेले, दमलेले गृहस्थ. पाटील पुढे झाले, हार घातला, खुर्ची दिली. साहेब म्हणाले, "चलो मास्टर साब, मुआयना शुरू करें."

मी हातोडी उचलली आणि जेवणाच्या सुट्टीची घंटा दिली.

पोरं ओरडत पळाली. पाटलांच्या हातातलं तबक कलंडलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. नोकरी डोळ्यांसमोरून बैलगाडीत बसून चालली होती, पण विहिरीतली ती घागरही दिसत होती. मी हात जोडले आणि म्हणालो, "हुजूर, गुस्ताखी माफ. बाराला मी जेवायला जातो. मी जेवलो नाही तर माझी बायको जेवत नाही. नऊ वर्षं ती दुपारची उपाशी आहे. मुआयना एकला करा. नोकरी घ्यायची तर तीही एकलाच घ्या."

"मास्तर, येड लागलं का बे?" पाटील कुजबुजले, गावभर ऐकू जाईल एवढ्यानं.

साहेबांनी रुमाल काढून तोंड पुसलं. "वो तख्तेवाले आपच हैं ना?"

"जी."

"मैं भी सुबह से भूका हूँ," ते म्हणाले आणि गाडीतला डबा मागवला. "जाइए. जल्दी जाइए."

बासष्ट पावलं. सगळा गाव दुतर्फा बघत होता आणि कुणी, अगदी कुणी, कागद पुढे केला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी बाराच्या उन्हात माझ्या घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. 'आलो!' म्हणून ओरडलोसुद्धा.

ओसरीवर सात-आठ बायका बसल्या होत्या. मधोमध मुक्ताबाई. मांडीवर पाट, पाटावर कागद, हातात माझाच जुना टाक. समोर बायनाबाई.

"या मास्तर," छबुबाई म्हणाल्या. "पाटीवरचं अक्षर कुनाचं हाय ते मला तवाच कळलतं. म्हनलं, ह्यो मानूस अर्ज करून मरंल, पन बाईला काय घास मिळायचा न्हाई. मंग आमी बायकांनी ठरवलं, आपली कागदं हितंच लिवायची. मास्तरला वाटंत आडवायचं न्हाई. आज पयला दिस."

मी घायाळ झालो. नऊ वर्षांचं माझं आसन, आणि बायकांनी ते एका दुपारीत हलवलं! वर बायनाबाईचं पत्र म्हणजे तीन पानं. मी मान लांब करून बघितलं, तर पत्र अर्ध्या पानात संपत आलं होतं. लिहिलं होतं: 'म्हशी बऱ्या आहेत. मी बरी नाही. तू गेल्यापासून घर खायला उठतं. कामाचं काय व्हायचं ते होऊ दे, दिवाळीला ये. मला तुला बघायचं आहे.'

"बायनाबाई," मी म्हणालो, "हे मला कधी सांगितलं नाहीत?"

बायनाबाईनं डोळे पुसले. "बाप्यामानसाला कसं सांगावं मास्तर? तुमच्या म्होरं बसलं की त्वांडातून म्हशीच यायच्या."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. अजून पाच जणी बाकी होत्या. मुक्ताबाई उठू लागली, "वाढते तुम्हाला." मी म्हटलं, "तुझं आटप आधी." दुरडीत भाकऱ्या झाकलेल्या होत्या, वास येत होता. थोड्याच वेळात पोटात कावळे कोकलू लागले, मग डोकं ठणकू लागलं, मग तीन भाकऱ्यांवर फडकं कुणी इतकं घट्ट बांधलं याचा राग येऊ लागला. मला अर्धाच तास झाला होता. तिची नऊ वर्षं.

मग मी उठलो, कोनाड्यातून दुसरा टाक घेतला आणि तिच्या शेजारी मांडी ठोकली. "पुढची कोण? इकडे या."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी रतनबाई सरकत सरकत माझ्यापुढे आल्या. "माजं तुमीच लिवा मास्तर. माजं नुसतं म्हशीचंच हाय."

दोघांनी मिळून पाचही पत्रं हां हां म्हणता उरकली. बायका गेल्या. छबुबाई दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या, शेवट बघितल्याशिवाय त्या जाणाऱ्या नव्हत्या. मुक्ताबाईनं माझं ताट वाढलं. मी दुसरं ताट ओढून त्यात भाकरी, पिठलं घातलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

"हे काय? तुम्ही घ्या आधी."

"नाही."

"असं कुठं असतं का!"

मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हातात धरून बसलो. तोंडात घालीना. तीही बसून राहिली. लिंबागणेशची ती, आणि तख्ते भरभरून वाकलेला पण न मोडलेला मी! पिठलं निवू लागलं. इतक्यात बाहेरून कोतवाल गहिनीनाथाची हाक आली, "मास्तर! सायबांचं जेवन झालं. बलावत्यात तुमाला!"

"थांबायला सांग," मी आतूनच ओरडलो. "घरची माणसं अजून जेवायची आहेत."

मुक्ताबाईनं माझ्याकडे बघितलं. माझा हात तसाच अधांतरी होता आणि बोटांवरून पिठलं मनगटाकडे ओघळत होतं. तिला हसू आलं. हसता हसता तिनं भाकरी मोडली.

आणि माझ्याआधी घास घेतला.